लसीच्या बाटलीतला पारा आणि बाळाचा राहिलेला डोस

शिराळा तालुक्यातील एका गावातून एका आईने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्यातील आवश्यक भाग असा :

‘माझी मुलगी आता तेरा आठवड्यांची आहे. सहाव्या आठवड्यात उपकेंद्रात तिला पेंटाव्हॅलंटचा पहिला डोस दिला. नंतर आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश आला की, सरकारी लसीत पारा असतो, अमेरिकेने त्यावर बंदी घातली आहे आणि त्यामुळे मुलांना ऑटिझम होतो. माझी नणंद न्यू जर्सीत असते, तिला विचारले तर तीही म्हणाली की, तिकडे लहान मुलांच्या लसीत पारा नसतो. त्यामुळे दहाव्या आठवड्याचा डोस मी दिलेला नाही. आशाताई दोनदा घरी येऊन गेल्या. आमच्याकडे फारशी बचत नाही, पण गरज असेल तर कोल्हापूरला खाजगी डॉक्टरांकडे जाण्याची तयारी आहे. दिलेल्या पहिल्या डोसाने काही नुकसान झाले असेल का? सासूबाईंच्या डोळ्यांच्या औषधावरही फिनाइल मर्क्युरिक नायट्रेट असे लिहिले आहे, तेही पाऱ्याचेच आहे का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील सर्वांत तातडीच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याला थांबवून ठेवण्यात अर्थ नाही. येत्या लसीकरण सत्राला मुलीला घेऊन जा आणि पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे घटसर्प आणि डांग्या खोकल्यासह पाच आजारांपासून वाचवणाऱ्या एकत्रित लसीचा, राहिलेला डोस द्या. पहिल्या डोसाने तिचे कोणतेही नुकसान झालेले नाही. मध्ये अंतर पडले म्हणून मालिका पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. दुसरा डोस आता आणि तिसरा त्यानंतर किमान चार आठवड्यांनी, असे केले की तिचे तीनही डोस वर्षाच्या आत आरामात पूर्ण होतील. दहाव्या आठवड्याचे पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरस लसही राहिली असेल, तर त्याच दिवशी सिस्टरना तसे सांगा.

आता तुमच्या शंकेकडे वळते. ती शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर ‘काही होत नाही हो’ अशा एका वाक्यात देणे मला योग्य वाटत नाही. पारा विषारी आहे हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे, आणि आपल्या तान्ह्या लेकराला टोचल्या जाणाऱ्या द्रवात तो आहे असे कळल्यावर ज्या आईच्या काळजात चर्र होणार नाही, अशी आई मला अजून भेटलेली नाही. संदेशातील पहिला भाग खरा आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमातील पेंटाव्हॅलंट, डीपीटी, टीडी अशा एका बाटलीत दहा डोस असणाऱ्या लसींमध्ये थायोमर्सल नावाचे परिरक्षक, म्हणजे औषधात जंतू वाढू न देणारे द्रव्य, सर्रास वापरले जाते आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. मॉरिस खराश या रसायनशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात ते अमेरिकेत तयार केले आणि एली लिली कंपनीने ते ‘मर्थिओलेट’ या नावाने बाजारात आणले. आपल्याकडे गुडघा फुटला की घरोघरी जे लाल मर्क्युरोक्रोम लावले जाई, तेही पाऱ्याचेच संयुग होते.

नावातील ‘थायो’ म्हणजे गंधक. या रेणूत पाऱ्याचा अणू एका बाजूने गंधकाला आणि दुसऱ्या बाजूने इथिल गटाला जोडलेला असतो. जिवाणूंच्या अनेक विकरांचे (एन्झाइम्सचे) काम त्यांच्यातील गंधकयुक्त गटांवर चालते. पारा नेमका त्या गटांना पकडतो, विकर निकामी होते आणि जिवाणूंची वाढ थांबते. त्यासाठी फार थोडे थायोमर्सल पुरते. लसीत ते साधारणपणे ०.००५ ते ०.०१ टक्के असते, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरच्या एका डोसात २५ ते ५० मायक्रोग्रॅम थायोमर्सल आणि त्यातून सुमारे साडेबारा ते पंचवीस मायक्रोग्रॅम पारा. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. घरातील जुन्या ताप मोजायच्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असे; तेवढ्या पाऱ्यातून हिशेबाने निदान वीस हजार डोस निघतील. अर्थात थर्मामीटरमधला पारा धातूरूप असतो आणि हा संयुगातला, त्यामुळे ही तुलना केवळ प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून केली आहे.

पण मुळात तो घालायचाच कशाला, असे तुम्ही विचाराल. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे औषधांच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे या प्रश्नाजवळ मी थोडी रेंगाळणार आहे. परिरक्षक आपले काम करते की नाही हे पाहण्यासाठी आम्ही औषधाच्या नमुन्यात मुद्दाम जंतू सोडत असू. पू करणारा स्टॅफिलोकॉकस, डोळ्यांचा घात करणारा स्यूडोमोनास, एक यीस्ट आणि एक काळी बुरशी असे नेहमीचे पाहुणे ठरलेले होते. मग ठरावीक दिवसांनी, अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत, त्यातील किती जिवंत राहिले हे मोजायचे. परिरक्षक घातलेल्या नमुन्याच्या तबकडीवर जंतूंची संख्या उतरत जाताना दिसे. परिरक्षक नसलेल्या नमुन्याची तबकडी एकदा जरी पाहिली, तरी दहा बाळांसाठी दहा वेळा सुई ज्या बाटलीत जाते, तिच्यात काय घडू शकते हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. १९०२ साली आपल्या मुंबईतील परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे वाल्डेमार हाफकिन यांचेच नाव मिळाले, तयार झालेली प्लेगची लस पंजाबातील मुल्कोवाल गावात टोचण्यात आली. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. लस तयार करण्याची पद्धत बदलताना त्यात पूर्वी घातले जाणारे कार्बोलिक आम्ल हे जंतुनाशक वगळले होते, म्हणून आधी ठपका प्रयोगशाळेवर आणि हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे पुढे समोर आले. कार्बोलिक असते तर ते मृत्यू टळले असते का, यावर त्या काळी मोठा वाद झाला. हाफकिन यांना दोषमुक्त व्हायला १९०७ साल उजाडले. बाटली कारखान्यातून कितीही शुद्ध निघाली, तरी गावात ती उघडल्यानंतर तिचे रक्षण कोण करणार, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

त्याचे उत्तर पुढे ऑस्ट्रेलियात, फार मोठी किंमत देऊन मिळाले. क्वीन्सलँडमधील बंडाबर्ग गावात जानेवारी १९२८ मध्ये घटसर्पाची लस देण्याचे काम चालू होते. रबरी बुचाची ती बाटली दहा दिवसांपूर्वी उघडलेली होती, त्यात परिरक्षक नव्हते आणि उन्हाळ्याच्या दिवसांत ती थंड जागी ठेवलेली नव्हती. आधीच्या दिवसांत टोचलेल्या मुलांना काही झाले नाही. २७ जानेवारीला मात्र त्याच बाटलीतून २१ मुलांना लस दिली आणि त्यातील १२ मुले एका दिवसाच्या आसपास मरण पावली. शाही आयोगाने तपास केला, बाटलीत स्टॅफिलोकॉकस वाढलेला आढळला, आणि अनेक वेळा सुई घालावी लागणाऱ्या बाटलीत परिरक्षक नसेल तर असे उत्पादन वापरू नये, अशी शिफारस झाली. थायोमर्सलचा लसींमध्ये जो प्रसार झाला, त्याच्या मुळाशी या बारा मुलांचे मरण आहे. अगदी अलीकडे, २०१७ साली, दक्षिण सुदानमध्ये गोवराच्या लसीकरणात १५ मुले दगावली; एकच सिरिंज वापरली गेली होती आणि पाण्यात मिसळलेली लस शीतपेटीशिवाय चार दिवस चालवली होती. गोवराच्या लसीत परिरक्षक घालताच येत नाही, कारण ती जिवंत विषाणूंची लस आहे आणि थायोमर्सल त्या विषाणूंनाच निकामी करील. म्हणूनच आपल्याकडेही गोवर-रुबेलाची आणि बीसीजीची बाटली उघडल्यापासून चार तासांच्या आत संपवायची किंवा टाकून द्यायची, असा नियम आहे, तर पेंटाव्हॅलंटची उघडलेली बाटली थंडाव्याचे सर्व नियम पाळून चार आठवड्यांपर्यंत वापरता येते. करोनाच्या वेळी लसीकरण केंद्रावर दहा माणसे जमेपर्यंत सिस्टर बाटली उघडत नव्हत्या, हे तुम्हाला आठवत असेल. पुण्यात तयार होणाऱ्या कोव्हिशील्डमध्ये परिरक्षक नव्हते, उघडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागे. तुमच्या गावात एखाद्या सत्राला तीनच बाळे आली, तरी तिघांनाही त्याच दिवशी पेंटाव्हॅलंट मिळते, उरलेले सात डोस वाया जात नाहीत आणि पुढच्या सत्राच्या बाळालाही निर्धोक डोस मिळतो, तो त्या अल्पशा थायोमर्सलमुळे.

आता विषाच्या मुद्द्याकडे येते. पाऱ्याविषयी आपल्या मनात जी धास्ती आहे, ती बहुतांशी जपानमधील मिनामाता येथील दुर्घटनेतून आली आहे. तेथे कारखान्याच्या सांडपाण्यातून समुद्रात गेलेला पारा माशांतून माणसांच्या पोटात गेला आणि १९५६ पासून मेंदूच्या भीषण विकारांचे रुग्ण समोर येऊ लागले. तो पारा मिथिल रूपातला होता. मोठ्या शिकारी माशांत, उदाहरणार्थ मुशीत, साठत जातो तोही हाच. थायोमर्सलपासून शरीरात तयार होतो तो इथिल पारा. नावात एका अक्षराचा फरक वाटतो, पण शरीरातील वागणूक पुष्कळ वेगळी आहे. मिथिल पाऱ्याचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला साधारण दीड महिना लागतो, त्यामुळे तो रोज थोडा थोडा पोटात गेला तर साठत राहतो. इथिल पारा लवकर विघटित होतो आणि मुख्यतः शौचावाटे बाहेर पडतो. अर्जेंटिनातील बाळांवर केलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लसीनंतर रक्तातील पारा चार दिवसांच्या आतच निम्म्यावर आला आणि महिनाभरात लसीपूर्वीच्या पातळीवर पोहोचला. तुमच्या मुलीच्या पहिल्या डोसाला सात आठवडे झाले आहेत, हे यावरून लक्षात घ्या.

येथे एक गोष्ट लपवून ठेवणे मला बरे वाटणार नाही. माकडांच्या पिलांवरील २००५ च्या एका अभ्यासात असे आढळले की, थायोमर्सल दिलेल्या पिलांच्या मेंदूत एकूण पारा मिथिल पारा दिलेल्या पिलांच्या तुलनेत पुष्कळ कमी होता, परंतु जो होता त्यातील असेंद्रिय, म्हणजे मिथिल-इथिलसारख्या गटांपासून सुट्या झालेल्या, पाऱ्याचे प्रमाण जास्त होते. या निष्कर्षाचा हवाला देऊन घबराट पसरवली जाते. हा प्रश्न विचारण्याजोगा होताच, आणि तो विचारलाही गेला. पण माणसाच्या मुलांमध्ये त्याचा काही परिणाम दिसतो का, याचे उत्तर शेवटी माणसाच्या मुलांकडे पाहूनच मिळणार होते.

ते पाहण्याची संधी अमेरिकेतील त्या निर्णयानेच दिली. १९९९ साली तेथील औषध प्रशासनाने वेगवेगळ्या लसींतील पाऱ्याची बेरीज केली, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत बाळाला जास्तीत जास्त १८७.५ मायक्रोग्रॅम पारा मिळू शकतो असे दिसले. इथिल पाऱ्यासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नव्हती, म्हणून मिथिल पाऱ्याच्या मर्यादांशी तुलना केली गेली आणि त्यांतील सर्वांत कडक मर्यादा ओलांडली जात होती. अपाय झाल्याचा पुरावा नसताना, केवळ खबरदारी म्हणून, जुलै १९९९ मध्ये बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने आणि सरकारी आरोग्य सेवेने थायोमर्सल काढून टाकण्याचे आवाहन केले. २००१ पर्यंत इन्फ्लुएन्झाच्या काही बहुडोस बाटल्या वगळता लहान मुलांच्या नेहमीच्या लसी त्यातून मुक्त झाल्या. एका डोसाच्या बाटल्या आणि भरलेल्या सिरिंज वापरणे त्या देशाला परवडणारे होते. २०२५ मध्ये तेथील सल्लागार समितीने त्या उरलेल्या इन्फ्लुएन्झा लसीही वापरू नयेत असे ठरवले आणि तेथील आरोग्यमंत्र्यांनी ते मान्य केले. तुमच्यापर्यंत आलेला संदेश बहुधा त्या बातमीवरून तयार झालेला असावा. तुमच्या नणंदबाईंनी सांगितले ते बरोबरच आहे. त्यांच्या बोलण्यावरून तुम्ही जो अर्थ काढलात, तो मात्र त्या घटनांतून निघत नाही.

कारण थायोमर्सल गेल्यानंतर ऑटिझमचे निदान कमी व्हायला हवे होते, आणि ते झाले नाही. कॅलिफोर्नियात ते वाढतच राहिले. डेन्मार्कने तर १९९२ मध्येच थायोमर्सल बंद केले होते. तेथेही त्यानंतर निदान वाढत गेले. त्याच देशातील साडेचार लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थायोमर्सलयुक्त आणि थायोमर्सलविरहित लस घेतलेल्या मुलांमध्ये ऑटिझमच्या प्रमाणात फरक आढळला नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय संस्थेच्या समितीने २००४ मध्ये सर्व पुरावा तपासून कार्यकारण संबंध नाकारला. आणखी एक गोंधळ येथे दूर करायला हवा. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड यांनी ऑटिझमचा संशय घेतला होता तो गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीवर, जिच्यात थायोमर्सल कधीच नव्हते, आणि तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. संदेश लिहिणारे या दोन वेगवेगळ्या गोष्टींची मोट बांधतात.

मला सर्वांत जास्त वेदना देणारी गोष्ट त्याच १९९९ सालातील आहे. खबरदारीचे आवाहन झाल्यावर अमेरिकेतील काही रुग्णालयांनी नवजात बाळांना कावीळ ब ची लस देणेच थांबवले. मिशिगन राज्यात कावीळ ब ची लागण झालेल्या आईच्या बाळाला जन्मतः मिळायला हवा होता तो डोस मिळाला नाही आणि ते बाळ तीन महिन्यांचे असताना त्या आजाराने गेले. ज्या देशाजवळ पैसा, रुग्णालये आणि पर्यायी लसी होत्या, तेथेही नुसत्या विलंबाने हे घडले. आपल्याकडे घटसर्प आणि डांग्या खोकला अजून गेलेले नाहीत. डांग्या खोकला मोठ्या माणसाला महिनाभर हैराण करतो, पण तीन महिन्यांच्या बाळाचा त्यात श्वासच थांबू शकतो. तुमची मुलगी आज नेमकी त्या वयात आहे आणि एका डोसाचे संरक्षण अपुरे आहे. म्हणूनच या पत्राच्या सुरुवातीला मी इतकी घाई केली.

खाजगी लसीबद्दल स्पष्ट सांगते. तेथे मिळणाऱ्या, सहा आजारांपासून वाचवणाऱ्या एका डोसाच्या काही लसींत थायोमर्सल नसते आणि डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या पद्धतीचा असल्याने ताप व सूज कमी येते. त्या चांगल्या लसी आहेत. पण तीन डोसांना काही हजार रुपये लागतात, आणि पाऱ्यापासून वाचवायचे म्हणून तेवढे पैसे मोडावेत असे कोणतेही वैद्यकीय कारण मला दिसत नाही. ते पैसे बाळाच्या आणि तुमच्या स्वतःच्या आहारावर खर्च करा असेच मी माझ्या मुलीला सांगितले असते. तरीही मनाची समजूत पटत नसेल तर तिकडे जा, फक्त पैसे जमेपर्यंत डोस लांबवू नका. उपकेंद्रातील डोसानंतर ताप येईल, मांडी लाल होईल, मुलगी एक-दोन दिवस किरकिर करील. ते बहुतेक करून लसीतील डांग्या खोकल्याच्या घटकामुळे होते, थायोमर्सलमुळे नव्हे. पहिल्या डोसानंतर तिला झटके आले असतील, ती निपचित पडली असेल किंवा अंगभर गांधी उठून धाप लागली असेल, तर मात्र ते सिस्टरना आणि डॉक्टरांना आधी सांगा. थायोमर्सलची त्वचेची अ‍ॅलर्जी काही जणांना असते, पण तेवढ्यावरून लस नाकारण्याचे कारण नसते.

सत्राला गेल्यावर काय पाहायचे, तेही सांगते, कारण पाऱ्यापेक्षा या गोष्टींकडे लक्ष देणे बाळाच्या जास्त हिताचे आहे. बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहिलेली असते. ती विचारा, सिस्टरना त्याचा राग येणार नाही. बाटलीवरील गोलातला चौकोन भोवतालच्या गोलापेक्षा फिका असला पाहिजे. सिरिंज तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबा आणि माता बाल संरक्षण कार्डावर तारीख लिहून घ्या.

सासूबाईंच्या औषधाचे म्हणाल, तर होय, फिनाइल मर्क्युरिक नायट्रेट हेही पाऱ्याचे संयुग आहे आणि तेथेही ते परिरक्षक म्हणूनच, अत्यल्प प्रमाणात असते. डोळ्यांच्या थेंबांत स्यूडोमोनास शिरला तर बुबुळ एक-दोन दिवसांत नासू शकते, म्हणून ते घालतात. डॉक्टरांनी सांगितले आहेत तितके दिवस ते थेंब निर्धास्त वापरा. मात्र वर्षानुवर्षे रोज घालायचे थेंब असतील, तर पाऱ्याचे परिरक्षक नसलेले औषध मिळेल का असे डोळ्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा, कारण दीर्घकाळ वापरल्यास बुबुळावर व भिंगावर पारा साचल्याच्या नोंदी आहेत. ड्रॉपरचे टोक पापणीला लागू देऊ नका, घरातील दोघांनी एकच बाटली वापरू नका, आणि बाटली उघडून महिना झाला असेल, तर थोडे औषध शिल्लक असले तरी ती टाकून नवी आणा.